मुख्यमंत्री होऊन गेल्यावर उपमुख्यमंत्री: 30 जून 2022 चं प्रकरण

मोठ्या पदावर राहिलेला माणूस नंतर खालचं पद घेतो तेव्हा आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. ‘काय हा त्याग!’ किंवा ‘काय ही लाचारी!’ दोन्हींत मूळ हिशोब झाकला जातो. तो हिशोब उघडून बघायला महाराष्ट्रात अलीकडचं एक प्रकरण हाताशी आहे: पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेले देवेंद्र फडणवीस 30 जून 2022 च्या संध्याकाळी एकनाथ शिंदे यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. प्रकरण अभ्यासात एरवी नावं झाकतात. इथे ती झाकली तरी दुसऱ्या ओळीत कुणीही ओळखेल, आणि सगळं घडलं ते कॅमेऱ्यांसमोर. म्हणून नावं तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

फडणवीस 31 ऑक्टोबर 2014 रोजी वानखेडे स्टेडियमवर शपथ घेऊन मुख्यमंत्री झाले. त्याआधी ते नागपूरचे महापौर होते, 1999 पासून आमदार होते, पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. मंत्री मात्र कधीच नव्हते. दुसऱ्या कुणाच्या मंत्रिमंडळात बसून, फाइल वर पाठवून, ‘साहेबांकडून काय शेरा येतो’ याची वाट बघायची वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती. राज्यात सलग पाच वर्षांचा कार्यकाळ पूर्ण करणारे वसंतराव नाईकांनंतरचे ते दुसरेच मुख्यमंत्री. त्याच मंत्रिमंडळात डिसेंबर 2014 पासून एकनाथ शिंदे मंत्री होते. म्हणजे पुढे जे घडलं त्यात हाताखालचा माणूस वर गेला आणि वरचा खाली आला. नुसतं खालचं पद घेण्यापेक्षा हे अवघड असतं.

2019 च्या विधानसभेत भाजपला 105, शिवसेनेला 56, राष्ट्रवादीला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. युतीकडे बहुमत होतं, पण मुख्यमंत्रीपदाच्या वाटणीवरून ती तुटली. 23 नोव्हेंबरच्या पहाटे राजभवनावर फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला आणि 26 नोव्हेंबरला राजीनामा. 28 तारखेला उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. ‘मी पुन्हा येईन’ ही प्रचारातली ओळ त्यानंतर अडीच वर्षं फडणवीसांच्याच विरोधात वापरली गेली. विरोधी पक्षनेते म्हणून ते ‘सागर’ बंगल्यावर राहायला गेले.

जून 2022 मध्ये घटना वेगाने घडल्या. 10 जूनच्या राज्यसभा निवडणुकीत भाजपचा तिसरा उमेदवार निवडून आला. 20 जूनला विधान परिषदेतही आघाडीची मतं फुटली. त्याच रात्री शिंदे आमदारांना घेऊन सुरतकडे निघाले आणि तिथून गुवाहाटीला गेले. 29 जूनला रात्री सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीला स्थगिती नाकारली आणि ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवरून राजीनामा जाहीर केला. (राज्यपालांनी बोलावलेली ती चाचणी योग्य नव्हती, पण ठाकरे यांनी आपण होऊन राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही, असं घटनापीठाने 11 मे 2023 रोजी सांगितलं. त्या वादात इथे शिरत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

पेच नेमका कुठे होता

आकडे बघितले तर पेच नव्हताच. भाजपचे 106 आमदार होते. शिंदे यांच्यासोबत सेनेचे 40 आणि अपक्ष वगैरे धरून पन्नास. मोठा पक्ष मुख्यमंत्री देतो, छोटा उपमुख्यमंत्री, हा आघाड्यांचा ठरलेला नियम. 29 जूनच्या रात्री महाराष्ट्रात बहुतेकांनी तेच गृहीत धरलं होतं.

कागदावर मात्र गाठ वेगळीच होती. शिवसेनेचे तेव्हा विधानसभेत 55 आमदार होते, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे 37. शिंदे यांच्याकडे त्याहून जास्त होते. पण पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात दोन तृतीयांशांना संरक्षण मिळतं ते दुसऱ्या पक्षात विलीन झाल्यावर. विलीन व्हायचं तर शिवसेना सोडावी लागणार होती, आणि ती सोडली की बंडाला अर्थ उरत नव्हता. त्यामुळे ‘आम्ही फुटलेलो नाही, आम्हीच शिवसेना’ हा एकच रस्ता त्यांच्यापुढे होता. शिवसेनेचा माणूस मुख्यमंत्रीपदी बसला की तो दावा गावोगावच्या शाखांमध्ये सांगायला सोपा जातो. फडणवीस मुख्यमंत्री आणि शिंदे उपमुख्यमंत्री असं चित्र दिसलं असतं तर ‘भाजपने सेना फोडली’ हे वाक्य आपोआप खरं वाटलं असतं.

दुसरं कारण 2019 चं. मुख्यमंत्रीपदासाठी भाजपने युती मोडली, हा आरोप तेव्हापासून चिकटलेला होता. पद सेनेच्याच माणसाला दिलं की तो आरोप निम्मा तरी गळून पडतो.

म्हणजे पक्षाच्या दृष्टीने शिंदे यांना मुख्यमंत्री करणं पटण्यासारखं होतं. पण मग फडणवीसांचं काय? वय 51, पक्षातला राज्यातला सर्वांत वजनदार चेहरा, आणि ज्यांच्या आखणीमुळे हे सरकार येत होतं असं त्यांच्याच पक्षातले लोक सांगत होते ते गृहस्थ.

कोणते पर्याय होते

मुख्यमंत्रीपद स्वतःकडे घेण्याचा पर्याय वर सांगितलेल्या कारणांनी बाद झाला. आपणच शिंदे यांचं नाव सुचवलं, असं फडणवीस यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. पक्षात सगळ्यांना तो निर्णय गोड लागला नव्हता. तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील जुलैमध्ये पनवेलच्या बैठकीत ‘मनावर दगड ठेवून’ असं बोलून गेले आणि पक्षाला सारवासारव करावी लागली.

दुसरा पर्याय होता सरकारबाहेर राहून ते चालवायचा. फडणवीसांची पहिली पसंती याला होती. मान राखायला हा उत्तम. माजी मुख्यमंत्र्याला दुसऱ्याच्या डाव्या हाताला बसावं लागत नाही, आणि ‘पदासाठी नाही केलं’ हेही सांगता येतं. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. 1995 च्या युती सरकारात बाळासाहेब ठाकरे कुठल्याही पदावर नव्हते आणि ‘रिमोट कंट्रोल माझ्या हातात आहे’ हे ते उघड सांगत. पण त्यात एक खोट आहे, आणि माझ्या मते ती गंभीर आहे. बाहेर बसलेल्या माणसाला विधानसभेत प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या सहीची फाइल नसते आणि माहितीच्या अधिकारात त्याचं काही निघत नाही. निर्णय त्याचा, उत्तर मात्र दुसऱ्याने द्यायचं. बाळासाहेब निदान कधीच पदावर नव्हते. माजी मुख्यमंत्री बाहेर बसला की सचिवापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येक जण ‘खरा आदेश कुठून येणार’ हे बघत बसतो.

तिसरा पर्याय म्हणजे एखादं भारी खातं घेऊन नुसतं मंत्री होणं. महाराष्ट्रात याचे दाखले भरपूर आहेत. शंकरराव चव्हाण 1975 ते 1977 मुख्यमंत्री होते, आणि 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात अर्थमंत्री झाले. पुढे 1986 मध्ये ते परत मुख्यमंत्री झाले, हे खालच्या पायरीला घाबरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शिवाजीराव पाटील-निलंगेकर सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होते. नारायण राणे 1999 मध्ये काही महिने मुख्यमंत्री, आणि 2005 मध्ये काँग्रेसमध्ये आल्यावर विलासराव देशमुखांकडे महसूलमंत्री. अशोक चव्हाण 2019 मध्ये ठाकरे सरकारात सार्वजनिक बांधकाम सांभाळत होते. शेजारच्या गोव्यात तर याचं कुणाला नवल नाही: रवी नाईक माजी मुख्यमंत्री असताना दिगंबर कामत यांच्या सरकारात गृहमंत्री होते आणि 2022 नंतर प्रमोद सावंत यांच्याकडे कृषिमंत्री. खुद्द कामतही 2025 मध्ये सावंत यांच्या मंत्रिमंडळात आले.

तालुक्याच्या राजकारणात तर कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. माजी आमदार साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक लढवतो, झेडपी गाजवलेला माणूस सोसायटीत चेअरमन होतो. 2025 मध्ये अजित पवार उपमुख्यमंत्री असतानाच माळेगाव कारखान्याचे अध्यक्ष झाले. पद लहान की मोठं, यापेक्षा त्या पदावरून काय हलतं हे तिथे लोकांना कळतं. ऊस कधी तुटणार आणि भाव काय मिळणार, हे मंत्रालयात नव्हे तर कारखान्यावर ठरतं.

चौथा पर्याय उपमुख्यमंत्रीपदाचा. गंमत अशी की घटनेत हे पदच नाही. कलम 164 मुख्यमंत्री आणि मंत्री एवढेच ओळखतं. उपमुख्यमंत्री नेमणं घटनाबाह्य आहे, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळली, तीही याच कारणाने: तो शेवटी एक मंत्रीच आहे, नावाने त्याला वेगळे अधिकार मिळत नाहीत. महाराष्ट्रात हे पद आलं 1978 मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या सरकारात. दोन काँग्रेस एकत्र नांदवायच्या होत्या, म्हणून इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले. तेव्हापासून हे पद बहुतेक वेळा आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाची खुर्ची म्हणून वापरलं जातं. 2022 मध्ये त्यावर बसायची पाळी आली ती आघाडीतल्या पहिल्या पक्षावर.

त्या संध्याकाळचे तीन तास

30 जूनला दुपारी शिंदे गोव्याहून मुंबईत आले, ‘सागर’वर गेले, तिथून दोघे राजभवनावर. साडेचारच्या सुमारास पत्रकार परिषदेत फडणवीस यांनी सांगितलं की शिंदे मुख्यमंत्री होतील, आज फक्त त्यांचाच शपथविधी होईल, आणि मी स्वतः सरकारबाहेर राहीन पण सरकार नीट चालेल याची जबाबदारी घेईन.

शिंदे यांच्या नावाचा धक्का लोकांना पचतो न पचतो, तोच दिल्लीतून पक्षाध्यक्ष जे. पी. नड्डा टीव्हीवर आले. फडणवीसांनी मोठं मन दाखवलं, पण त्यांनी उपमुख्यमंत्री म्हणून सरकारात यावं असं केंद्रीय नेतृत्वाचं म्हणणं आहे, असं त्यांनी सांगितलं. पाठोपाठ अमित शहा यांचं ट्वीट आलं. साडेसातच्या सुमारास राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांनी दोघांनाही शपथ दिली. आपण सरकारबाहेर राहायला मनाने तयार होतो, पण मोदी, शहा, नड्डा यांच्याशी बोलणं झाल्यावर निर्णय बदलला, असं फडणवीस यांनी नंतर नागपुरात सांगितलं.

या प्रकरणातला पहिला आणि सर्वांत महाग निर्णयबिंदू हाच. निष्कर्ष योग्य होता: सरकार चालवायचं तर सरकारात बसून. क्रम मात्र पूर्ण चुकला. जो निर्णय बंद दाराआड दोन फोनवर व्हायचा, तो राज्याने टीव्हीवर पाहिला. दुपारी ज्याला त्याग म्हटलं गेलं त्यालाच संध्याकाळी ‘पक्षाने खाली बसवलं’ हे नाव मिळालं. पुढची अडीच वर्षं विरोधक फडणवीसांना हिणवायचे ते याच तीन तासांवरून. साडेचार वाजताच त्यांनी ‘मी उपमुख्यमंत्री होतोय’ एवढंच सांगितलं असतं, तर टोमण्यांना धारच राहिली नसती.

खालच्या खुर्चीत काय काय आणलं

4 जुलैला सरकारने 164 विरुद्ध 99 मतांनी विश्वास जिंकला. मग जे झालं त्याबद्दल फार कमी बोललं जातं: 9 ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळात दोनच माणसं होती. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. घटनेच्या त्याच कलम 164 मध्ये राज्यात किमान बारा मंत्री असावेत असं लिहिलेलं आहे, आणि विरोधकांनी ते वारंवार दाखवून दिलं. याच दोघांच्या मंत्रिमंडळाने जुलैमध्ये पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी स्वस्त केलं, सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा निर्णय परत आणला. राज्यभर पाऊस कोसळत होता, पालकमंत्री एकाही जिल्ह्याला नव्हता.

14 ऑगस्टला खातेवाटप झालं तेव्हा मूळ हिशोब दिसला. फडणवीसांकडे गृह, अर्थ व नियोजन, विधी व न्याय, जलसंपदा, ऊर्जा, गृहनिर्माण आणि राजशिष्टाचार. मुख्यमंत्र्यांकडे सामान्य प्रशासन आणि नगरविकास ही प्रमुख. पोलीस आणि तिजोरी दोन्ही एकाच उपमुख्यमंत्र्याकडे. 9 मार्च 2023 रोजी अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला.

मंत्रालयात काम केलेल्या कुणालाही विचारा, सामान्य प्रशासन म्हणजे सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्या. ती दोरी सहाव्या मजल्यावर मुख्यमंत्र्यांकडेच राहिली. म्हणजे ‘शिंदे नुसते नावाला’ हे जे म्हटलं जायचं, ते खरं नव्हतं. दोघांनाही एकमेकांशिवाय हलता येणार नाही, अशी ही वाटणी होती. माजी मुख्यमंत्री खाली येतो तेव्हा सोबत काय घेऊन येतो, ते असं खात्यांच्या यादीत लिहिलेलं असतं. 1978 मध्ये शंकररावांकडेही अर्थ होतं. निलंगेकर आणि राणे यांना महसूल मिळालं. एकालाही दुय्यम खातं मिळालेलं नाही. खाली येणाऱ्याला राज्याच्या तीन-चार मोठ्या खात्यांपैकी एक मिळतं, हा अलिखित दर आहे.

खटके

जुना साहेब आणि जुना मंत्री यांची जागा बदलली की खटके उडायचेच. सगळ्यात गाजला तो जाहिरातीचा. 13 जून 2023 च्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली: राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे. त्यात एका सर्वेक्षणाच्या हवाल्याने मुख्यमंत्रीपदासाठी शिंदे यांना 26.1 टक्के आणि फडणवीसांना 23.2 टक्के पसंती असल्याचं छापलं होतं. फडणवीसांचा फोटो नव्हता. त्याच दिवशी कोल्हापूरच्या कार्यक्रमाला फडणवीस गेले नाहीत. कारण कानाच्या दुखण्याचं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी दुसरी जाहिरात आली आणि त्यात दोघेही होते.

एवढ्यावरून दोघांत काय चाललं होतं ते ओळखायचा खेळ पत्रकारांनी बरेच दिवस खेळला. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जातं. फडणवीसांनी त्यावर जाहीर वाद घातला नाही. खालच्या पदावर आलेल्या माणसाने ‘मी खरं तर वरचा’ हे एकदा जरी तोंडाने म्हटलं, की त्या पदावरचा त्याचा अर्धा अधिकार तिथेच संपतो. हे पथ्य त्यांनी अडीच वर्षं बऱ्यापैकी पाळलं.

2 जुलै 2023 रोजी अजित पवार आठ जणांसह सरकारात आले आणि उपमुख्यमंत्री दोन झाले. 14 जुलैच्या खातेवाटपात अर्थ पवारांकडे गेलं. म्हणजे खाली येताना मिळालेल्या दोन मोठ्या खात्यांतलं एक वर्षभरात सुटलं. त्या बदल्यात मिळालं ते कागदावर छोटं दिसतं, पण मंत्रालयात मोठं मानतात: पवारांकडच्या महत्त्वाच्या फाइली आधी फडणवीसांकडे जातील आणि मग मुख्यमंत्र्यांकडे, असा आदेश निघाला. दोन समान उपमुख्यमंत्र्यांपैकी एक अर्धी पायरी वर ठेवला गेला. घटनेत नसलेल्या पदाच्या आतही उतरंड तयार झाली.

निकाल

2024 ची लोकसभा महायुतीला जड गेली. 48 पैकी 17 जागा, त्यात भाजपच्या 9. पाच वर्षांपूर्वी भाजप एकटा 23 वर होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, 5 जूनला, फडणवीसांनी जबाबदारी स्वीकारली आणि मला सरकारमधून मोकळं करा, पक्षाचं काम करतो, अशी विनंती जाहीरपणे केली. 2022 ला मागे पडलेला ‘बाहेर राहायचा’ पर्याय दुसऱ्यांदा टेबलावर आला. नेतृत्वाने पुन्हा नकार दिला आणि ते राहिले. हा दुसरा निर्णयबिंदू. तेव्हा ते सुटले असते, तर पाच महिन्यांनी आलेल्या विधानसभेचा चेहरा कोण, हा प्रश्न पक्षापुढे उभा राहिला असता.

23 नोव्हेंबर 2024 रोजी भाजपला 132, शिंदे यांच्या शिवसेनेला 57, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 41 जागा मिळाल्या. 5 डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीस मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्रीपदाने त्यांना परत वर नेलं का? माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. 132 आमदारांनी नेलं. पण अडीच वर्षं गृहखातं हातात होतं, रोज मंत्रालयात बसणं होतं, जिल्ह्याजिल्ह्यातले कार्यकर्ते कामं घेऊन येत होते. तेवढ्यामुळे 132 आले तेव्हा दुसरं नाव पुढे करायची कुणाची हिंमत झाली नाही. नागपूरला बसून किंवा पक्षाच्या पदावर दिल्लीला जाऊन ते तसं राहिलं असतं, हे मला पटत नाही.

तीच पायरी, दुसरा माणूस

आणि मग नियतीने, की भाजपने, तोच प्रयोग उलटा लावला. आता मुख्यमंत्री राहिलेले शिंदे यांना फडणवीसांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री व्हायचं होतं.

26 नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. 27 तारखेला ठाण्यात पत्रकारांना सांगितलं की मोदी आणि शहा घेतील तो निर्णय मान्य आहे, माझा अडसर नाही. 28 ला दिल्लीत बैठक, आणि मग ते साताऱ्यातल्या दरे या आपल्या गावी गेले. तब्येत बरी नाही असं सांगण्यात आलं. राज्यात निकाल लागून आठवडा उलटला तरी सरकार नाही, आणि सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे कोयनेच्या बाजूला. 4 डिसेंबरला राजभवनावर तिघे एकत्र बसले तेव्हाही शिंदे यांनी संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं. अजित पवार म्हणाले, त्यांचं संध्याकाळी कळेल, मी मात्र शपथ घेणार आहे. शिंदे यांनी लगेच टोला परतवला: दादांना सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळची शपथ घ्यायचा अनुभव आहे. हशा झाला. 2019 ची पहाट आणि 2023 ची दुपार, दोन्ही त्यात आल्या.

शेवटी शिंदे यांनी शपथ घेतली. त्यांच्या पक्षातून गृहखात्याची मागणी होत होती. ते मिळालं नाही. 21 डिसेंबरला त्यांच्याकडे नगरविकास, गृहनिर्माण आणि सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम) ही खाती आली. मुंबई, ठाण्यात ज्याला जमीन आणि इमारती कळतात त्याला या खात्यांचं वजन सांगावं लागत नाही. तरी फडणवीसांना 2022 मध्ये गृह आणि अर्थ दोन्ही मिळाली होती, आणि शिंदे यांना दोन्हींपैकी एकही नाही.

फरक कुठे पडला? 2022 मध्ये सरकार टिकायला फडणवीसांच्या 106 आमदारांची गरज होती. ते उतरले तरी पाठीमागचा आकडा सगळ्यात मोठाच होता. 2024 मध्ये भाजप 132 वर होता, बहुमताला 145 लागत होते, आणि अजित पवारांचे 41 आधीच तयार होते. शिंदे यांचे 57 नसले तरी सरकार बनत होतं. शिंदे गावाला जाऊन बसले, वाट बघायला लावली, पण सौद्यात त्याने फारसं हललं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अटी आधी, घोषणा नंतर. 2022 ला हे उलट झालं आणि 2024 ला अटींसाठी शपथविधीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ताणलं गेलं. दोन्ही वेळा तोटा खाली येणाऱ्याचाच झाला. पहिल्या वेळी पक्षाने अब्रू थोडी घालवली, दुसऱ्या वेळी रुसव्याचा शिक्का बसला. पण खातं, फाइलींचा मार्ग आणि कुणाचे किती मंत्री, या तीन गोष्टी लेखी झाल्याशिवाय माजी मुख्यमंत्र्याने पत्रकारांसमोर यायला नको होतं.

सरकारबाहेर राहण्याचा मोह फडणवीसांना दोनदा झाला आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांनी आवरला. हे बरं झालं, पण केवळ दिल्लीच्या फोनमुळे झालं. तसा नकार देणारं कुणी वर नसलेल्या प्रादेशिक पक्षात हाच माणूस बाहेर बसून सरकार चालवत राहिला असता.

2022 चे ते दोन माणसांचे चाळीस दिवस टाळता आले असते. बंडातल्या प्रत्येक आमदाराला मंत्रिपद हवं होतं आणि नाराजी टाळायला विस्तार लांबवला, हे तेव्हाही उघड होतं. पण माजी मुख्यमंत्र्याने खाली येण्याचं जे समर्थन दिलं गेलं, ते ‘अनुभवी माणूस सरकारात हवा’ असं होतं. त्या अनुभवाचा पहिला उपयोग बारा मंत्र्यांची अट पहिल्या आठवड्यात पूर्ण करायला व्हायला हवा होता.

राहता राहिला फाइलींचा मार्ग. मार्च 2025 मध्ये पुन्हा आदेश निघाला आणि या वेळी अर्थमंत्री पवारांकडून फाइल शिंदे यांच्याकडे, तिथून मुख्यमंत्री फडणवीसांकडे अशी वाट ठरली. 2023 सारखीच, माणसं तेवढी बदलली. म्हणजे माजी मुख्यमंत्री असलेल्या उपमुख्यमंत्र्याला अर्धी पायरी वर ठेवायची, हा पायंडा आता पडलेला आहे. 2023 चा आदेश दुसरे उपमुख्यमंत्री येऊन खातेवाटप झाल्यावर निघाला, 2025 चा सरकार येऊन तीन महिने उलटल्यावर. दोन्ही वेळा तो शपथविधीच्या आठवड्यातच निघायला हवा होता.